ओढ की ठणका?

छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीच्या बाजूने घाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे रुग्णालयातून सुट्टी मिळालेली माणसे बाहेर पडताना दिसतात. एका हाताने पोट धरून पावलापुढे पाऊल टाकणारा रोगी, त्याच्या दंडाला धरलेला मुलगा, क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट आणि औषधांची पिशवी सांभाळीत मागून येणारी सून, आणि मध्यवर्ती बसस्थानकापर्यंतच्या भाड्यावरून रिक्षावाल्याशी चाललेली घासाघीस. भाषावार प्रांतरचनेच्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ या दोन अक्षरांनीच ठाऊक आहे. आणि जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसे शस्त्रक्रियेसाठी जशी येथे येतात, तशीच ती शहरातील हेडगेवार, एम.जी.एम. यांसारख्या इतर रुग्णालयांतही येतात. शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो, फाटकाबाहेर पडल्यानंतरचे चित्र सारखेच असते. आतापर्यंत सकाळ-संध्याकाळ ज्याची नाडी, ताप आणि जखम पाहिली जात होती, तो मनुष्य एस.टी.च्या खिडकीशी बसून साठ-सत्तर कोसांवरच्या आपल्या घरी जातो, आणि पुढचे दहा-पंधरा दिवस त्याच्या जखमेचे काय चालले आहे, याची वार्ता ज्याने ती जखम केली त्या शल्यविशारदापर्यंत पोहोचण्याची कोणतीच निश्चित तजवीज नसते.

ही उणीव मला माझ्या आत्यामुळे कळली. ती सिल्लोडच्याही पलीकडच्या एका खेड्यात राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटाच्या हर्नियाचे ऑपरेशन झाले, आत जाळी बसवली गेली, आणि चौथ्या दिवशी तिला घरी सोडण्यात आले. सोबत जे कार्ड दिले होते ते आद्योपान्त इंग्रजीत होते. त्यातल्या गोळ्यांपुढची ‘१-०-१’ ही खूण तेवढी घरात सर्वांना समजत होती. सहाव्या दिवशी दवाखान्यातून चौकशीचा फोन आला. पलीकडच्या व्यक्तीने विचारले, ‘‘दुखतंय का?’’ आत्याने उत्तर दिले, ‘‘थोडं दुखतंय.’’ ऑपरेशननंतर थोडे दुखायचेच, असे सांगून फोन ठेवण्यात आला. त्याच दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘‘कालपर्यंत टाका ओढत होता रे, आज ठणकतोय.’’ मीही त्या वाक्याचे मोल जाणले नाही. नवव्या दिवशी आम्ही तिला शहरात आणले तेव्हा टाका पिकला होता; दोन टाके सोडून पू काढावा लागला, आणि पुढे तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग चालले. संसर्ग जाळीपर्यंत पोहोचला नाही, हे तिचे सुदैव. पण तिने आपल्या भाषेत रोगाचे निदान तीन दिवस आधीच केले होते, आणि ऐकणाऱ्या दोघांनाही ते ऐकू आले नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या मोबाईलवर रोज दोन-चार प्रश्न विचारणारी, जखमेचे छायाचित्र मागवणारी आणि व्यायामाची आठवण देणारी जी ॲप अलीकडे निघाली आहेत, त्यांच्याकडे मी पाहू लागलो ते या तीन दिवसांच्या हिशेबाने.

पूर्वी ही अडचण एवढी तीव्र का नव्हती, हे समजून घेणे अगत्याचे आहे. दोन पिढ्यांमागे पोटाचे ऑपरेशन म्हटले की टाके निघेपर्यंत मुक्काम दवाखान्यातच असे. आठ-दहा दिवस वॉर्डातील सिस्टर पट्टी उघडून पाही, आणि जे काही बिघडायचे ते तिच्या डोळ्यांदेखत बिघडे. पुढे शल्यशास्त्राने दोन मोठी वळणे घेतली. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीच्या साह्याने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली, आणि वीतभर छेदाच्या जागी बोटभर छेद आले. त्याच दशकात डेन्मार्कमधील हेन्रिक केहलेट या शल्यविशारदाने असे दाखवून दिले, की रोग्याला उपाशी आणि अंथरुणाला खिळवून ठेवण्याची जुनी रीत त्याला बरे करण्याऐवजी अशक्तच करते. शस्त्रक्रियेच्या दिवशीच पाणी-अन्न सुरू करावे, वेदनेचा बंदोबस्त नीट करावा, आणि लगेच चालवावे, म्हणजे मनुष्य निम्म्या मुदतीत घरी जातो. दोन्ही गोष्टी हितकारकच ठरल्या. खर्च वाचला, खाटा मोकळ्या झाल्या, रुग्णालयातील जंतूंचा सहवास कमी झाला. परंतु जखम भरण्यास लागणारे दिवस काही कमी झाले नाहीत. ते केवळ रुग्णालयातून उठून घरी गेले. सिस्टरची नजर मात्र त्यांच्याबरोबर घरी गेली नाही.

जखम कशी भरते याचा क्रम ठाऊक असल्यावाचून त्या दिवसांचे महत्त्व ध्यानात येत नाही. पहिले दोन-तीन दिवस छेदाच्या कडा किंचित लाल व सुजलेल्या असतात, अंगात थोडी कणकण असते. ही शरीराची स्वाभाविक लगबग होय. त्यानंतर सूज ओसरत जाऊन नव्या पेशी व तंतू विणले जाऊ लागतात, आणि रोग्याला जी जाणीव होते तिला आपली भाषा ‘ओढ’ म्हणते. जंतूंचा प्रादुर्भाव झालाच, तर तो बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान उघड होतो: कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढते, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणका लागतो, जागा गरम लागते, पाण्यासारखा स्राव दाट होतो, आणि उतरलेला ताप पुन्हा चढतो. वैद्यकशास्त्राने अशा संसर्गाच्या नोंदीची मुदत शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांची धरली आहे. जाळी किंवा कृत्रिम सांधा यांसारखी वस्तू शरीरात बसवली असेल, तर ती ९० दिवसांची असते. म्हणजे चौथ्या दिवशी घरी गेलेल्या माणसाची खरी परीक्षा त्याच्या घरीच व्हावयाची असते.

आपल्या प्राचीन शल्यतंत्राला याचे भान उत्तम होते. सुश्रुताने शस्त्रक्रियेचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन विभाग केले, आणि सूत्रस्थानात व्रणितोपासनीय नावाचा एक संपूर्ण अध्याय जखमी माणसाच्या शुश्रूषेसाठी दिला. त्याची खोली स्वच्छ व वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असावी, त्याने दिवसा झोपू नये, आणि प्रिय बोलणाऱ्या आप्तमित्रांनी त्याच्याजवळ बसून त्याला गोष्टी सांगून वेदनेचा विसर पाडावा, इथपर्यंत तपशील त्या ग्रंथकाराने लिहून ठेवला आहे. माझ्या मते यातील अत्यंत मोलाची गोष्ट ही, की पश्चात्कर्म हे वैद्याने सांगावयाचे आणि घरच्यांनी करावयाचे, असे दोघांचे काम म्हणून तेथे मांडले आहे. मोबाईलवरील ॲपला मी या दोघांमधला निरोप्या समजतो.

हा निरोप्या प्रत्यक्षात काय करतो? रुग्णालयातून सुट्टी होण्यापूर्वीच रोग्याचे नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख ॲपमध्ये घातली जाते. मग ठरल्या वेळी, समजा संध्याकाळी सातला, फोनवर प्रश्न येतात: ताप आला का, जखमेतून काही वाहते का, शौचास झाले का, किती वेळा उठून चाललात, गोळ्या घेतल्या का. उत्तरे बोट लावून द्यावयाची असतात. सोबत जखमेचे छायाचित्र मागितले जाते. आलेल्या उत्तरांची तीन भागांत प्रतवारी होते. सर्व ठीक असेल, तर दुसऱ्या दिवशीची सूचना येते. काही शंका असेल, तर रुग्णालयातील परिचारिकेच्या पडद्यावर ते नाव वर येते आणि ती फोन करते. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरून थेट १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवा, असा स्पष्ट हुकूम पडद्यावर उमटतो. गुडघा बदललेल्यांसाठी याहून एक पाऊल पुढे गेलेली साधने आहेत. मोबाईलमध्ये हालचाल आणि कल मोजणारे सूक्ष्म संवेदक असतातच. फोन नडगीला पट्ट्याने बांधला, तर गुडघा किती अंशांत वाकतो हे तो सांगू शकतो, आणि खिशात असला तर पावले मोजतो. सातव्या दिवशी सहाशे पावले चालणारा मनुष्य नवव्या दिवशी दीडशेवर आला, तर त्याने तोंडाने ‘बरं आहे’ म्हटले तरी आकडे वेगळी साक्ष देतात.

या पद्धतीची रुजुवात परदेशांत झाली आहे, आणि तिचे निष्कर्ष अवास्तव दावे करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावेत असे आहेत. टोरोंटोच्या विमेन्स कॉलेज हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झालेल्या ६५ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले; एका गटाने नेहमीप्रमाणे तपासणीस यावे, दुसऱ्याने ॲपवर रोजची हकीकत व छायाचित्रे पाठवावीत. पहिल्या ३० दिवसांत ॲप वापरणाऱ्यांच्या रुग्णालयातील फेऱ्या लक्षणीय कमी झाल्या, आणि गुंतागुंतीच्या बाबतीत दोन गटांत फरक पडला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ एवढाच, की ज्या फेऱ्या केवळ ‘सर्व ठीक आहे’ हे ऐकण्यासाठी होत होत्या त्या वाचवता येतात. एडिंबरात २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४९२ रोग्यांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी एका गटाला तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी मोबाईलवर प्रश्न विचारून जखमेचे छायाचित्र घेण्यात आले. संसर्ग ओळखण्यास लागणाऱ्या सरासरी वेळेत दोन गटांत मोठा फरक आढळला नाही. पण पहिल्या सात दिवसांच्या आत निदान होण्याची शक्यता मोबाईलच्या गटात जवळजवळ चौपट होती, आणि डॉक्टरांकडे खेटे घालण्याची तसदीही कमी झाली. मला आत्याचा सहावा दिवस आठवतो तो येथे.

परंतु टोरोंटोचे प्रश्न भाषांतर करून सिल्लोडला पाठवले, म्हणजे काम झाले असे समजणे ही मोठी चूक ठरेल. ‘शून्य ते दहा या मापावर आपली वेदना किती?’ हा प्रश्न या ॲपमध्ये सर्रास असतो. आमच्याकडच्या वयस्कर माणसाला तो निरर्थक वाटतो, आणि तो संकोचाने पाच म्हणून मोकळा होतो. तोच मनुष्य आपणहून सांगतो, की ‘‘काल आठ आणे फरक होता, आज बारा आणे फरक आहे.’’ नाणी चलनातून गेली तरी आण्यांचे हे माप रोग्याच्या तोंडी अजून पक्के आहे, आणि तुलनेच्या दृष्टीने ते दहाच्या मापाहून तिळभरही कमी नेमके नाही. वेदनेच्या जातींविषयी तर मराठी फारच समृद्ध आहे. कळ येते आणि जाते, सल आत खोल राहतो, चुरचुर वरच्या कातडीची, आग जळल्यासारखी, ओढ म्हणजे भरणाऱ्या जखमेचा ताण, रग लागते ती स्नायूंना, आणि ठणका म्हणजे नाडीबरोबर उसळणारी, रात्री झोप मोडणारी वेदना, जिच्यामागे बहुतेक वेळा पू असतो. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला या सर्वांचे उत्तर ‘थोडं’ असे एकच येते. ‘टाका ओढतो की ठणकतो?’ असे विचारले असते, तर माझ्या आत्याने क्षणाचाही विलंब न लावता खरे उत्तर दिले असते, आणि ते उत्तर कोणत्याही संगणकाला सहज प्रतवारी करता येण्याजोगे होते. मराठवाड्यासाठी असे ॲप करणाराने प्रथम वॉर्डातील सिस्टर आणि मावशींजवळ आठवडाभर बसावे, त्या रोग्यांना काय विचारतात आणि रोगी काय सांगतात ते टिपून घ्यावे, आणि मग प्रश्नांना हात घालावा, असे मला कळकळीने वाटते. वाचता न येणाऱ्यांसाठी तेच प्रश्न आवाजात ऐकवता येतात. किंबहुना आवाज हाच आपल्याकडे मुख्य मार्ग असावयास हवा.

छायाचित्राचीही कथा अशीच. आत्याच्या सुनेने आठव्या दिवशी जखमेचे चित्र मला पाठवले होते. ते चुलीच्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली काढलेले, थोडे हललेले. त्यात सारे पोटच तांबूस दिसत होते, आणि पट्टीच्या चिकट कडेची रेघ टाक्याच्या रेघेहून अधिक उठून आली होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावर, सकाळच्या उन्हाच्या कवडशाबाहेर, सावलीतल्या उजेडात तिने तेच चित्र फिरून काढले, शेजारी मापासाठी एक रुपयाचे नाणे ठेवले, आणि मग बोटाएवढा सुजलेला भाग स्पष्ट दिसला. उजेड दिवसाचा असावा, झगझगीत दिवा मारू नये, फोन हातभर अंतरावर धरावा, एक चित्र जवळून आणि एक लांबून घ्यावे, हे चार नियम घरच्या माणसाला वॉर्डातच प्रत्यक्ष करून दाखवले पाहिजेत. त्यापुढेही एक अडचण उरते. वैद्यकीय पुस्तकांतील लाली ही गोऱ्या कातडीवरची लाली असते. सावळ्या-काळ्या वर्णावर ती तशी दिसतच नाही, तेथे कडेचा रंग फक्त अधिक गडद होतो व कातडी ताणून चकाकते. रवांडा देशातील किरेहे जिल्ह्यात, सिझेरियन झालेल्या स्त्रियांच्या घरी गावच्या आरोग्यसेविका सुमारे दहाव्या दिवशी जाऊन मोबाईलवर जखमेचे चित्र घेतात असा प्रयोग झाला, आणि अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी त्या चित्रांवरून संसर्ग ओळखणारी संगणकीय पद्धत बसवण्याचा यत्न केला. वर्णाची ही अडचण ओलांडण्यासाठी त्यांनी उष्णता टिपणारा छोटा कॅमेरा फोनला जोडून पाहिला. कारण जखम लाल दिसो न दिसो, पिकली की ती गरम होतेच. आपल्या घरातल्या आजीबाई हाताची पालथी बाजू जखमेजवळ धरतात, ती याचसाठी.

त्या रवांडातील आरोग्यसेविकेचे आपले रूप म्हणजे आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली, आणि आज मराठवाड्यातील खेड्याखेड्यांतून बाळंतिणीच्या घरी सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती तीच असते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरी सातव्या दिवशी तिने एकदा जावे, आणि चित्र व उत्तरे तिच्या फोनवरून जावीत, अशी व्यवस्था झाली तर रोग्याजवळ स्वतःचा फोन नसल्याची अडचण बऱ्याच अंशी सुटेल. तिच्यावर आधीच पुष्कळ कामांचा बोजा आहे, तेव्हा या कामाचा स्वतंत्र मोबदला तिला मिळालाच पाहिजे, हेही त्याच दमात सांगावयास हवे.

फोन कोणाचा, हा प्रश्न खरोखरच वरवरचा नव्हे. कुटुंबात चांगला मोबाईल एकच असतो, आणि तो ज्याच्याजवळ असतो तो मुलगा वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असतो. दुपारी बाराला येणारा प्रश्न त्याच्या खिशात वाजतो, आणि ज्या आईला तो विचारला आहे ती घरी असते. स्त्रीच्या स्तनाचे किंवा ओटीपोटाचे चित्र जावयाच्या फोनमधून जावे, ही कल्पनाच पुष्कळ घरांत असह्य वाटेल, आणि ते वाजवी आहे. चित्र फोनच्या संग्रहात न राहता थेट रुग्णालयाच्या दफ्तरी जावे, कोणी पाहिले याची नोंद राहावी, आणि रोग्याने म्हणताच ते पुसले जावे, एवढी काळजी घेण्याचे तंत्र उपलब्ध आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला आहे. प्रत्यक्षात मात्र आज बहुतेक ठिकाणी हे सारे व्हॉट्सॲपवर चालते. जखमेचा फोटो कंपाउंडरच्या खासगी फोनवर जातो, आणि लग्नाच्या निमंत्रणांच्या गर्दीत तो केव्हा पाहिला जाईल याचा भरवसा नसतो.

येथे मुख्य मुद्द्याशी आपण येतो. निरोप पोहोचला, पण तो घेणारा कोण? ॲपने रोज संध्याकाळी दोनशे रोग्यांची उत्तरे गोळा करावीत आणि ती वाचणारी परिचारिका नेमलेलीच नसावी, तर ते ॲप नसलेले बरे. कारण रोग्याला वाटते की आपण कळवले, आणि तो निर्धास्त बसतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम जारी केले, त्यांनी नोंदणीकृत डॉक्टरला दूरध्वनी, चित्रध्वनी वा संदेशाद्वारे सल्ला देण्याची रीतसर मुभा दिली. त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली, आणि घरबसल्या डॉक्टरशी बोलण्याची सोय सरकारी खात्यातर्फे उपलब्ध झाली. सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियानात चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाखाली रोग्याचे कागद एकत्र राहू शकतात. हे रस्ते आहेत, आणि ते उपयोगी आहेत. परंतु ई-संजीवनीवर भेटणारा डॉक्टर ज्याने छेद घेतला तो असेलच असे नाही, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या चौकशीत तर तेवढेच महत्त्वाचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या नोंदी, पाठपुरावा व कागदपत्रे पाहण्यास रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याच टेबलावर सुट्टीच्या दिवशी ॲपची नोंदणी व्हावी, आणि येणाऱ्या उत्तरांना बारा तासांच्या आत जबाब देण्याची जबाबदारी वॉर्डातील एका नेमून दिलेल्या व्यक्तीवर टाकावी, अशी माझी सूचना आहे.

या विचाराच्या सर्वांत जवळ जाणारे काम आपल्या देशात नूरा हेल्थ या संस्थेने केले आहे. कर्नाटकात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपासून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांतील सरकारी रुग्णालयांत ते पसरले. रोग्याच्या खाटेशी ताटकळत बसलेल्या नातलगांनाच परिचारिकांनी वॉर्डात शिकवावयाचे (हात कसे धुवावेत, जखम कशी पाहावी, कोणती लक्षणे दिसली तर निघून यावे), आणि घरी गेल्यावर त्यांना त्यांच्या भाषेत फोनवर संदेश पाठवावयाचे व त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. येथे यंत्र दुय्यम आहे आणि माणूस आधी शिकवलेला आहे, म्हणून मला ही रीत पटते.

नातलगांच्या शंकांत निम्म्याहून अधिक जागा पथ्याची असते, हे ज्यांनी कोणाची शुश्रूषा केली आहे त्यांना सांगावयास नको. भात दिला तर टाका पिकेल, डाळ वातूळ, अंडे गरम, वांगे तर नावच नको. असे करता करता ज्या शरीराला नवे मांस विणावयाचे असते त्याला आठवडाभर साबुदाण्याच्या पेजेवर ठेवले जाते. प्रथिनांवाचून जखम भरत नाही, हे शास्त्र निर्विवाद आहे. सुश्रुतानेही व्रणिताला पुष्कळ पदार्थ वर्ज्य सांगितले, पण त्याने काय खावे हेही सांगितले. ॲपने ‘प्रथिनयुक्त आहार घ्या’ असे म्हणून भागत नाही; ‘मुगाचे वरण द्या, त्याने टाका पिकत नाही’ असे भीतीला नाव घेऊन सांगावे लागते.

आणि काही माणसे अशी आहेत, की ज्यांच्यापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या शस्त्रक्रिया किती गरजेच्या होत्या, हा वेगळा आणि फार वेदनादायक विषय आहे. मी येथे केवळ पश्चात्कर्माचा विचार करतो. दिवाळीच्या सुमारास कोयता निघाला, की बाई पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या कारखान्याच्या फडात असते. कोपीत वीज नाही, फोन चार्ज करावयाचा तर मुकादमाकडे द्यावयाचा, आणि डोक्यावर मोळी उचलली नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या सुमारे एक पंचमांशच बळ आलेले असते, आणि ती पूर्वीइतकी भक्कम तर कधीच होत नाही. त्या बाईच्या फोनवर ‘जड वजन उचलू नका’ हा संदेश पाठवून जो आपले कर्तव्य झाले असे मानील, त्याने आधी तिच्या विश्रांतीच्या दिवसांची मजुरी कोण देणार याचा विचार करावा.

‘जड’ म्हणजे किती, हेही पुन्हा भाषेवरच येते. आत्याच्या कार्डावर दोन किलोंची मर्यादा लिहिली होती, आणि तिच्या घरी तराजू नव्हता. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनेच तो हिशेब तिला समजेल असा करून दिला: टाके निघेपर्यंत फक्त तांब्या, दीड महिन्यानंतर कळशी, तीही अर्धी, घागर तीन महिने झाल्यावर डॉक्टरांना दाखवून, आणि हंडा यापुढे सुनेचा. आत्याने तो क्रम तंतोतंत पाळला. कळशीच्या दिवशी तिने मला मुद्दाम फोन केला, हापशावर किती वेळ थांबली, भरताना पोटावर ओढ आली का, ठणका लागला का, सारे क्रमवार सांगितले, आणि मी ते या वेळी लिहून घेतले.